झिऱ्यावरची काळी माती

पितांबररावांना माती कळते, असं जळगावजवळच्या असोद्यात सगळे म्हणत. खरंच होतं ते. ढेकूळ उचलायचं, बोटांत चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, या केळीला उद्या पाणी द्या, त्या केळीला परवापर्यंत हात लावू नका. त्यांच्या बागेतला घड दोन माणसांनी उचलावा असा निघे. पण ती माती काळी माती. दुसरी कुठली माती असते हे त्यांनी जन्मात मानलं नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

ते माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. मला अक्का म्हणतात, मी त्यांना पितांबरराव म्हणते. आमचं कधी फार गोडीचं नव्हतं. त्यांना माझी घाई आवडत नाही, मला त्यांचं गप्प बसणं. विचारलं त्याचं उत्तर द्यायला हा माणूस इतका वेळ लावतो की मधे मी दुसरं काहीतरी विचारून मोकळी होते.

आमच्या वडिलांची यावलच्या वर, सातपुड्याच्या अंगाला, थोडी जमीन होती. जमीन कसली, उभा उतार, वरच्या टोकाला जंगलाची हद्द. अंजन, सलई, धावडा अशी झाडं. पाचोळा पायाने सारला की बोटभर तपकिरी माती लागे आणि तिच्याखाली लगेच मुरूम, तांबूस, करकरीत, पायाखालून सरकणारा. मी कॉलेजात भूगोल शिकवला. ग्रॅनाइटच्या डोंगरउतारांवर दगड कुजून जशी भरड, खड्यांची माती होते, तिच्याच चालीची ही. आमचा दगड काळा पाषाण, एवढाच फरक. अशी माती अंगावर पाणी ठेवून घेत नाही. पाऊस पडला की खड्यांमधून थेट आत. झाडं मुळं खाली कातळाच्या भेगांत घालतात म्हणून तो उतार जागेवर असतो, नाहीतर कधीच नाल्यात गेला असता. आत गेलेलं पाणी कातळाच्या पाठीवरून हळूहळू सरकत महिन्यांनी पायथ्याशी बाहेर येतं. आमच्या जमिनीत ते एका खडकाच्या कपारीतून यायचं. झिरा म्हणायचो आम्ही त्याला. करंगळीएवढी धार, पण भर वैशाखातही तुटत नसे.

लग्न झाल्यावर पितांबरराव पहिल्यांदा ती जमीन बघायला आले. चप्पल काढून पायाने मुरूम चाचपला आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "मामा, तुम्ही गोट्याले कुंपन घातलं का?"

वडील हसले. सुमन हसली नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येई, झिऱ्याच्या वरच्या अंजनाला झोका बांधून घेई आणि पन्नाशी उलटल्यावरही त्याच्यावर बसे. मी ओरडायची, फांदी मोडेल. ती म्हणायची, अक्का, तू खालीच बस. पितांबरराव त्यानंतर कधी आले नाहीत. "तठी काय पाह्यायचं?" एवढंच. वडील गेले, ती जमीन मी नको म्हटली, सुमनने ठेवून घेतली. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. गोटेच ते, कोणाच्या का नावावर असेनात.

सुमन काविळीने गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलायलाही त्रास व्हायचा. तरी तिने त्यांच्याकडून एक वचन घेतलं. माझी घागर झिऱ्याच्या पाण्यानं भरायची. नळाचं नको, बोअरचं नको. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळी-आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवतात आणि दुपार व्हायच्या आत घास टाकतात. पितांबरराव म्हणाले, "भरीन. मी आहे तठपर्यंत भरीन." त्यांनी चार शब्द एका दमात बोललेले मी तेव्हा पाहिले.

पहिल्या आखाजीला आम्ही वर गेलो. घागर झिऱ्याखाली लावली, मी अंजनाखाली टेकून घाम पुसेपर्यंत भरून वाहायला लागली. सगळं रीतीने झालं. मी उठले. ते उठले नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे अक्का."

"आणि तुम्ही?"

"बसतो जरासा."

ते जरासं बसणं कायमचं झालं. महिन्याभरात त्यांनी तिथे पत्र्याची खोली उभी केली. बाग मुलाच्या, जितेंद्रच्या हवाली केली. असोद्यात काय काय बोललं गेलं असेल ते मी लिहीत बसत नाही. जितेंद्र माझ्याकडे जळगावला येऊन वैतागला, "मावशी, लोक म्हनते, सुनेनं सासऱ्याले जंगलात काढलं. ऋतिका रडते घरात. तुम्ही सांगा त्याईले."

मी गेले आणि सरळ विचारलं, इथे का राहता?

"काहून म्हंजे? घरी कोनाशी बोलू? जितू बोलते त मोबाईलशी बोलते."

"इथे कोण आहे बोलायला?"

तिथे कोणी नव्हतंच. पलीकडच्या पाड्यावरचा पुना सकाळी शेळ्या घेऊन वर जायचा, संध्याकाळी खाली यायचा. दोन्ही वेळा राम राम. त्याच्या शेळ्यांच्या घंट्या लांब गेल्या की मग सबंध उतारावर पाचोळाच काय तो वाजे. मोबाईलला रेंज एका दगडावर उभं राहिलं तरच मिळे. पितांबरराव त्या दगडावरून मला फोन करत. "जेवल्या का?" "जेवले." "बरं." मग काहीच नाही. मी विचारायची, ठेवू का? ते म्हणायचे, ठेवा. आणि स्वतः ठेवायचे नाहीत. वारा ऐकू यायचा. शेवटी मीच ठेवायची, कारण मला ते सहन व्हायचं नाही.

आता जो उद्योग त्यांनी केला तो सांगते. केळीवाल्या माणसाला दाराशी चार केळी नसल्या तर घर घरासारखं वाटत नाही. मुरमात केळी कुठून येणार? झिऱ्याच्या वर, उताराच्या मधोमध, एक पसरट खोलगट टप्पा होता. वरचं सगळं पाणी त्या टप्प्यावर गोळा होऊन तिथेच जिरायचं. पितांबररावांना ती जागा आयती वाफ्यासारखी दिसली. त्यांनी असोद्याच्या स्वतःच्या शेतातून काळी माती मागवली. ट्रॅक्टर चालवायला शिंदखेड्याकडचा वना होता. तो अर्ध्या वाटेतच थांबला आणि सगळी माती तिथेच ओतायला निघाला.

"नाना, चढ भलता उभा शे. आठेच बठ्ठी वती देऊ का?"

"अठी नाही. वर."

"वर गोटा शेतस नुसता."

"म्हनून त माती आनली ना बापा."

ट्रॉलीमागून ट्रॉली त्या टप्प्यावर ओतली गेली. पितांबररावांनी ती फावड्याने पसरली, पायाने दाबली, बांध घातला, कंद लावले. मी तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन करून नाशिकला लेकीकडे पडले होते. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "अक्का, तुमच्या बहिनीच्या गोट्याले माती दिली." त्यांच्या आवाजात आनंद होता. सुमनला दागिना करावा तशी त्यांनी तिच्या जमिनीला माती केली होती.

पाऊस झाला. टप्प्यावर पाणी साचलं. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला साचलेलं पाणी म्हणजे समाधान. "तळं झालं अक्का, बेंडकं वरडते रातभर." केळी तरारल्या. तळं भरून वाहिलं आणि जास्तीचं पाणी ओघळीतून गढूळ होऊन नाल्याला गेलं. त्या ओघळीने एका जागी मुरूमही ओरबाडला, एक धावडा आडवा झाला. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत तळं आटलं, मातीला भेगा पडल्या, केळीची पानं पिवळी झाली. मग ते झिऱ्याचं पाणी बादलीने वर नेऊन केळीला घालू लागले. संक्रांतीनंतर झिऱ्याची धार दोऱ्याएवढी झाली. होळीला बंद.

दुसऱ्या आखाजीला आम्ही गेलो तेव्हा कपारीत मुंग्यांची रांग होती. पितांबररावांनी कपारीत हात घालून पाहिला. कोरडा आला. पुन्हा घातला.

जितेंद्र काही न बोलता गाडी घेऊन यावलला गेला आणि पाण्याचा जार घेऊन आला. प्लास्टिकचा, निळा. सुमनची घागर त्या जारने भरली गेली. पितांबररावांनी घास टाकला. जेवण झालं, कोणाला चव लागली नाही.

भांडी आवरताना जितेंद्र म्हणाला, "आबा, आता त चला. पानीच नाही त राह्यता कसे?"

"झिरा आटला कसा पन?"

"पाऊस कमी झाला असीन."

"पाऊस कमी नव्हता," मी म्हटलं. "मागच्या वर्षापेक्षा जास्तच झाला. चला वर, मला तो तुमचा बगीचा दाखवा."

"त्यात काय पाह्यता? वाळल्या केळी."

"चला म्हणते ना."

गुडघा दुखत असताना मी वर चढले, हातात जारमधलं उरलेलं पाणी तांब्यात घेऊन. ते मागून ओरडत आले, "प्याचं पानी आहे अक्का ते, सांडू नका!" टप्प्यावर काळी माती पालथ्या तव्यासारखी कडक झाली होती. भेग सोडून एका सलग जागी मी अर्धा तांब्या ओतला. पाणी तिथेच बसून राहिलं, त्यात आभाळ दिसत होतं. मग बांधाच्या पलीकडे, उघड्या मुरमावर उरलेलं ओतलं. ओतून होईपर्यंत ते नाहीसं झालं. नुसता ओला डाग राहिला.

पितांबरराव दोन्हीकडे बघत होते. मग म्हणाले, "पन भेगा आहे ना. भेगेतून गेलं असीन की खाली."

"पावसाळ्यात तुमच्या मातीच्या भेगांचं काय होतं?"

ते हसल्यासारखं करायला गेले, जमलं नाही. "पयल्याच पावसात मिटते. चिखल फुगते, मंग खाली टिपूस जात नाही." एवढं बोलून ते त्या मातीवर बसले. ही गोष्ट मी त्यांना शिकवली नाही. त्यांना ती लहानपणापासून माहीत होती. सबंध आयुष्य त्यांनी याच गुणावर केळी काढली होती.

"म्हंजे मीच बुजवलं," ते म्हणाले. "तिच्या झिऱ्यात मीच बूच मारलं."

जितेंद्र खालून हाका मारत होता, आबा, सामान बांधू का? ते उठून त्याच्यापर्यंत गेले. "एक पावसाळा दे मले."

"आन् तोवर प्याल काय?"

"पुनाच्या पाड्यावर हातपंप आहे. आनीन."

"तुमचं वय काय, आबा?"

"तुले म्हाइत नाही का? मंग इचारते काय?"

जितेंद्र माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, बाप तुझा आहे. शेवटी त्याने कबूल केलं. पुढच्या आखाजीला झिऱ्याला पाणी असलं तर राहा. नसलं तर गाडीत बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. पितांबरराव म्हणाले, "नाही बोलनार." जितेंद्र पुटपुटला, ते तर तुम्ही तसंही बोलत नाही.

मग त्यांनी ती माती काढायला घेतली. जितेंद्र मशीन पाठवतो म्हणाला. हे म्हणाले, नको, वजनानं मुरूम दबीन. फावडं आणि पाटी. काळी माती कुदळीने फोडायची, पाटीत भरायची, उतारावरून खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे ढीग घालायचा. मुरमावर पाटी घेऊन उतरणं सोपं नाही. खडे गोळ्यांसारखे पायाखालून पळतात. दोनदा पडले, एकदा कोपर फुटलं. पुनाने थोडे दिवस हात दिला, पण त्याच्या शेळ्या जंगलाच्या हद्दीत पांगायला लागल्या आणि त्याने सोडून दिलं. बरोबरच आहे, त्याचं काय होतं त्यात?

मी मधे एकदा गेले. टप्पा अर्धा मोकळा झाला होता. ते उकिडवे बसून खड्यांच्या फटीत गेलेला काळा चिखल लोखंडी सळईने खरवडत होते. वरची माती उचलली तरी बारीक गाळ मुरमात उतरून बसला होता. हातभर मुरूम उकरून, चाळून, पुन्हा पसरायचा असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची नखं काळी, टाचा तांबड्या.

"सगळं निघणार नाही," मी म्हटलं. "निसर्गाला वेळ द्या. येतील मुळं, येतील वाळव्या, करतील वाट."

"त्याईले येळ आहे. मले कोठी आहे?"

मी बरोबर नेलेली भाकरी-भाजी सोडली. ते जेवले, हात धुतलेलं पाणी त्यांनी टप्प्यावरून खोलीजवळ आणून लावलेल्या एकाच उरलेल्या केळीला घातलं. काळ्या मातीच्या ढिगाशेजारी ती केळ उभी होती. आपण हातभर अंतरावर बसलो असताना एखादा माणूस किती एकटा असू शकतो, हे मला त्या दुपारी कळलं. ते माझ्याशी बोलत होते, पण कान त्यांचा झिऱ्याकडे होता. मी निघाले तर म्हणाले, "अंधार पडायच्या आत जा, घसरान." राहा म्हणाले नाहीत. मीही राहिले नसते.

श्रावणात दगडावरून फोन आला. वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं. "पानी थांबलं नाही अक्का! सकाळी थोडं साचलं, दुपारी गेलं! खाली गेलं!" मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, "हं." मग नेहमीसारखं काहीच नाही. त्या दिवशी मी लवकर ठेवला नाही.

पण वरून गेलेलं खाली येतंच असं नाही. दिवाळीला झिरा कोरडा. संक्रांतीला कोरडा. मी विचारणं सोडून दिलं. होळीनंतर एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं, "कपार थंड लागते हाताले." एवढंच.

आखाजीला मी आणि जितेंद्र सकाळीच पोचलो. जितेंद्रने गाडीची मागची सीट पाडून ठेवली होती, सामानासाठी. झिऱ्याखाली घागर लावलेली होती आणि कपारीत पळसाचं पान खोचलेलं होतं. पानाच्या टोकावर थेंब जमायचा, जड व्हायचा, पडायचा. मग दुसरा जमायला लागायचा. पितांबरराव शेजारी दगडावर बसले होते.

"कधीपासून लावलीय?" मी विचारलं.

"काल सकाळपासून."

घागरीत डोकावले. गळ्याच्या खाली चार बोटं पाणी होतं. ऊन चढत होतं, घास दुपारच्या आत टाकायचा होता. मला असं बसून थेंब बघणं जमत नाही. मी अंजनाखाली गेले, परत आले, पुरणपोळ्यांचा डबा उघडला, बंद केला. शेवटी बोललेच.

"पितांबरराव, वरून तांब्याभर दुसरं ओता. गळ्याशी येईल. कोण बघतंय इथे?"

"मी पाह्यतो ना."

जितेंद्र उन्हात उभा होता. मधे त्याचा फोन वाजला, त्याने न बघता बंद केला. मग तो येऊन बापाच्या पलीकडे बसला. तिघंही पानाकडे बघत होतो. एकदा वारा आला आणि थेंब बाहेर पडला. पितांबररावांनी नुसता श्वास सोडला. जितेंद्रने पुढे होऊन दोन्ही हातांनी पान धरलं आणि धरूनच बसला.

सूर्य डोक्यावर यायला आला तेव्हा पाणी गळ्याला लागलं. काठोकाठ नाही. गळ्याला. पितांबररावांनी घागर उचलली, सावलीत नेली, तिच्यावर डांगर ठेवलं. घास टाकला.

जेवताना मला एकच गोष्ट कळत होती. दीड दिवसात एक घागर. यावर माणूस राहू शकत नाही. झिऱ्याला पाणी असलं तर राहा, असं ठरलं होतं. याला पाणी म्हणायचं की नाही, हे जितेंद्रने ठरवायचं होतं. पितांबरराव मुकाट जेवत होते. एक शब्द बोलायचा नाही असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते पाळत होते. खोलीच्या दाराशी त्यांची वळकटी बांधून ठेवलेली मला तेव्हा दिसली.

जितेंद्र हात धुऊन उठला, गाडीकडे गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पाण्याचा जार होता. तो खोलीत ठेवून पुन्हा गेला, दुसरा आणला. मला घ्यायला यायच्या आधीच त्याने ते डिकीत टाकले असणार. मागची सीट पाडली होती ती या जारांसाठी की सामानासाठी, हे त्याचं त्यालाच माहीत. मी विचारलं नाही.

"दर रविवारी आनून देत जाईन," तो म्हणाला. "पन अंघोळ पाड्यावर करायची. आन् फोन उचलायचा, आबा. दगडावर जाऊन उभं राह्यायचं रोज."

"कायले उगी चक्कर मारतो इतक्या लांब?"

"मंग चला घरी."

पितांबरराव वळकटी सोडायला बसले. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली.

आम्ही निघालो. त्यांनी मला म्हटलं, "सावकाश जा अक्का." जितेंद्रला काही म्हटलं नाही, त्याच्या शर्टाला लागलेला मुरूम तेवढा झटकला. गाडी वळणावर आली तेव्हा मी काच खाली करून मागे पाहिलं. हात तरी करायचा माणसानं. पण त्यांची आमच्याकडे पाठ होती. झिऱ्याखाली रिकामं पातेलं लावून ते पळसाचं पान नीट करत होते.